भूल उतरवणाऱ्या बाई

बोईसर स्टेशनाजवळच्या माझ्या खोलीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत आडोसा मिळेल अशी प्रत्येक जागा मला ठाऊक होती. टायरवाल्याच्या मागची भिंत, नाल्यावरचा पूल, बंद गोदामाचा कोपरा. वय पंचविशीच्या आतलं, आणि लघवी क्षणभर धरवत नव्हती. डॉक्टरांकडे पालघरला जायचं तर बोईसरपासून मध्ये रेल्वेचं एकच स्टेशन आहे, उमरोळी. तेवढाही पल्ला जमेना. मी उमरोळीला उतरायचो, मोकळा व्हायचो आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचो. मोकळा व्हायचो म्हणजे चार थेंब. पुढे पुढे त्यात रक्त.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. माझी लघवीची पिशवी आतून सोलवटली होती आणि आकसत चालली होती. ती तशीच आकसत गेली तर कापून काढावी लागेल आणि पोटाला भोक पाडून तिथे रबराची थैली बांधावी लागेल, जन्मभर, असं मला एका टप्प्यावर स्पष्ट सांगण्यात आलं. कारण होतं एक औषध. शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाला भूल देण्यासाठी जे वापरतात, ते मी सुट्टीच्या दिवशी मजेसाठी घेत होतो. त्याचं नाव केटामाइन. त्या औषधाचा आणि लघवीच्या पिशवीचा संबंध तेव्हा आमच्या भागातल्या कुठल्याच डॉक्टरांना माहीत नव्हता. आता माहीत आहे. तरीही कुणीतरी आज घरच्यांपासून लपवून दार लावून कण्हत बसलं असेल. त्याच्यासाठी लिहितो.

पाय

आम्ही किनाऱ्यावरच्या दांडीचे. घरात मासेमारी. वडील मी शाळेत असतानाच वारले. थोरला भाऊ, त्याला आम्ही दादूस म्हणतो, सातवीतून उठला आणि होडीवर गेला, म्हणून मी पालघरच्या कॉलेजात जाऊन रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो. आमच्या आळीतला पहिला. दादूस मला तेव्हापासून ‘साहेब’ म्हणायचा, कौतुकानं आणि चिडवायलाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्ट केमिस्ट लागलो. बोईसरला खोली घेतली.

दुसऱ्या वर्षी एका पाइपाचा जोड सुटला आणि माझा डावा पाय मांडीपर्यंत भाजला. एका खाजगी दवाखान्यात बरेच दिवस होतो. भाजलेल्या जागेची पट्टी बदलणं फार वाईट असतं. त्या वेळी ते मला केटामाइनची सुई देत. मग छत लांब जाई, माझा पाय दुसऱ्याच कुणाचा होई, आणि नर्स ज्याची कातडी सोलते आहे तो मी नसे. बहुतेक लोक त्यातून उठताना घाबरतात, ओरडतात. मी घाबरलो नाही. मला ते बरं वाटलं. पट्टीच्या दिवसाची मी वाट बघू लागलो.

पाय बरा झाला. त्याच दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात काम करणारा सुधाकर माझ्याशी ओळख ठेवून होता. मोकळा, हसरा माणूस. त्याला खोली हवी होती, माझ्या खोलीत जागा होती. बाटल्यांत उरलेलं औषध टाकून द्यायचं असतं, ते तो टाकत नव्हता. पहिल्यांदा सुट्टीच्या संध्याकाळी, गंमत म्हणून. मग दर सुट्टीला. मग कामावरून आल्यावर.

काय होत होतं

आनंद होत होता का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. आनंद नाही. काहीच होत नसे, आणि तेच हवं असे. पण ते काहीच न होणं हळूहळू सुटीबाहेरही पसरलं. दादूसचं लग्न झालं तेव्हा हळदीला सगळी आळी नाचत होती. मी काचेपलीकडून बघावं तसा बघत उभा होतो. वहिनी घरात आली, पुढे पुतणी झाली, तिला माझ्या मांडीवर ठेवलं. ती गरम आहे एवढं कळलं. प्रयोगशाळेत मी नळी हातात घेऊन उभा राही आणि तिच्यात काय ओतलं ते आठवत नसे. कारखान्यातल्या वरच्या साहेबांनी मला न ओरडता स्टोअरला बदललं. त्याचंही मला काही वाटलं नाही.

एकदा सुट्टीला घरी आलो तेव्हा औषध बरोबर आणलं होतं. ते घेतलं आणि खाडीच्या तोंडाशी वाळूत जाऊन बसलो. भरती लागली. पाणी पायाशी आलं, मग कमरेला आलं. पाणी चढतं आहे हे मला दिसत होतं. लहानपणापासून ज्याला ह्या पाण्यात पाय कुठे ठेवावा हे शिकवलं, तो मी होतो. मी हललो नाही. बुडेल तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. जाळं आणायला आलेल्या दादूसनं काखेत धरून ओढून काढलं. माझे डोळे उघडे होते, हाक मारली तर ओ नव्हती.

आमच्याकडे अशा माणसाला ‘भूल पडली’ म्हणतात. दर्यावरची, खाडीवरची काहीतरी शक्ती माणसाला वाट विसरायला लावते, स्वतःचं नाव विसरायला लावते. आयनं, माझ्या आईनं, तेच धरलं. त्यानंतर घरी आलो की ती माझ्यावर नजर ठेवू लागली आणि दोनचार वेळा तिनं मला तसं पाहिलंही. मासवणकडच्या एका भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले, दंडाला दोरा बांधला, तिन्हीसांजेला खाडीवर पाठवू नका म्हणाला. मी बी.एस्सी. झालेला माणूस तो दोरा बांधून गप्प बसलो, कारण ते सोयीचं होतं.

गोळ्या

लघवीचा त्रास सुरू झाला तो याच सुमाराला. एका डॉक्टरांनी जंतू म्हणून गोळ्या दिल्या. तपासणीत जंतू मिळाले नाहीत. दुसऱ्यांनी खडा असेल म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगितलं. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस. तिसऱ्यांनी क्षय धरला. त्या औषधानं लघवी केशरी झाली. दादूस म्हणाला, साहेब आता रंगाचा कारखाना घरीच काढणार, तारापूरला जायला नको. मी हसलो नाही. तो एकटाच हसला.

आणि इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. ओटीपोटातली ती कळ एकाच गोष्टीनं थांबत होती, सुधाकरच्या बाटलीनं. घेतलं की पोटच आपलं राहत नसे. म्हणून मी आणखी घेत होतो. जे जाळत होतं त्यानंच मी आग विझवत होतो. रसायनं शिकलेल्या मला हे दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. बघितलं नाही.

डॉक्टर विचारत, दारू? नाही. तंबाखू? नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आयनं भुलीचं कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, त्यांना नको सांगू, हसतील आपल्याला.

निदानाचा दिवस

शेवटी पालघरच्या सरकारी रुग्णालयात दुर्बीण घालून पिशवी आतून बघायचं ठरलं. पावसाळ्याच्या तोंडावर, होड्या वर ओढल्या होत्या, म्हणून दादूसही येऊ शकला. खरं सांगायचं तर मी त्या तपासणीला उत्सुक होतो. दुर्बीण घालायची म्हणजे भूल देणार, आणि ती सुई मला या वेळी चोरून नव्हे, हक्कानं मिळणार होती.

मला ढकलगाडीवर झोपवून थिएटरबाहेर ठेवलं होतं. आय शेजारी उभी. तिनं नर्सला विचारलं, का थांबलो. नर्स म्हणाली, भूलतज्ज्ञ बाई यायच्या आहेत.

आय म्हणाली, “कोन बाई?”

“भूलतज्ज्ञ. भूलवाल्या डॉक्टर. त्या आल्याशिवाय काही होणार नाही.”

आयनं पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. इतके डॉक्टर झाले, आणि शेवटी योग्य दारात आलो असं तिला वाटलं होतं. सरकारनं भुलीसाठीसुद्धा डॉक्टर ठेवली आहे, तीही बाई, आणि आपण उगाच दंडाला दोरे बांधत बसलो.

बाई आल्या. पांढरा कोट, चप्पल बदलत होत्या. आय त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “बाय, तुमी भूल उतरवता ना?”

“देते पण मीच आणि उतरवते पण मीच,” बाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं पेशंटची आई घाबरली आहे.

“मंग याची उतरवा. लय दिसांपासून परते याला.”

“भूल पडते? कोण देतं?”

“ते कललं असतं तं कोंबरा नसता का दिला त्याला?”

शेजारची नर्स तोंडाला हात लावून वळली. बाई हसल्या नाहीत. एक चप्पल पायात आणि एक हातात अशा त्या तिथेच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, भूल पडते तेव्हा नेमकं काय होतं? आणि आय, जी डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसे, ती बोलायला लागली. कारण तिच्या लेखी हे डॉक्टरांना नव्हे, भूल जाणणाऱ्या बाईला सांगणं होतं.

“डोलं उगरे असतात, पन बगत नाय. बुबुलं अशी नाचतात, इकरून तिकरं. अंग लाकूर. चिमटा काढला तरी समजत नाय. तोंडातून लाल गलते, तान्या पोरासारकी. आन उठला का मलाच इचारतो, आय, मी कुटं व्हतो? दारूचा वास नाय, बाय. मी हुंगून बगितला हाय.”

केटामाइन दिलेल्या पेशंटचं हे रूप बाईंना रोज टेबलावर दिसत होतं. त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या पायावरचा भाजल्याचा जुना व्रण चादरीबाहेर होता, तो त्यांनी पाहिला. आयला त्या म्हणाल्या, आई, तुम्ही जरा बाकावर बसा. मग माझ्याजवळ वाकून अगदी हळू विचारलं, पट्ट्यांच्या वेळेपासून का? मी मान हलवली. मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. एवढंच वाटलं की आता सुई मिळणार नाही.

“आज तुला ते देणार नाही,” त्या म्हणाल्या. “कमरेतून देते. जागा राहशील आणि सगळं ऐकशील.”

मी सगळं ऐकलं. सर्जन म्हणाले, आत कच्च्या मांसासारखं आहे, नुसतं पाणी लागलं तरी रक्त येतंय. चहाचा कपही मावणार नाही एवढी पिशवी उरली आहे.

नंतर त्या दोघांचं माझ्या खाटेपाशी बोलणं झालं. सर्जनचं म्हणणं, मुंबईला पाठवून पिशवी काढलेली बरी. बाई म्हणाल्या, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण जंतू नाहीत, खडा नाही, क्षय सिद्ध झालेला नाही, आणि ह्याच्या शरीरात वेगळं जातं ते एकच. ते बंद करून बघू या. सर्जनना पटलं नव्हतं. तरी ते म्हणाले, ठीक, नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर सुधारलं नाही तर काढायची. आणि मधे एकदा जरी घेतलंस तर मग विचारायला येऊ नकोस.

जाताना बाई आयजवळ थांबल्या. “आई, ही भूल भुताची नाही. माणूस देतो.”

आयनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

वॉर्ड

सकाळी झाडूवाली पाणी टाकायची, तेव्हा खाटेखाली झोपलेले नातेवाईक सतरंज्या गुंडाळून भिंतीला लागत. मग चहा. मग राउंड. मला नळी घातली होती, तिच्यातून गुलाबी पाणी खालच्या पिशवीत यायचं. शेजारच्या खाटेवर मनोरकडचे एक म्हातारे होते, ते रोज माझ्या पिशवीकडे बघून सांगायचे, आज फिकट हाय, आज चांगलं हाय. तेवढं ऐकायची मला सवय लागली.

घेणं बंद केल्यावर हातपाय थरथरले वगैरे काही नाही. फक्त कळ पूर्ण जागी झाली, आणि तिच्यामध्ये व माझ्यामध्ये काही उरलं नाही. मधेच घाम फुटे. मी सुधाकरची वाट बघत होतो. आला तर घ्यायचं नाही असं मी ठरवलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा लिखाणात माणसं निश्चय करतात. मी केला नव्हता.

सुधाकर आला. हातात मोसंबी. औषध कुणाकडून येतं हे दादूसला ठाऊक नव्हतं, तो सुधाकरशी पापलेटच्या भावावर बोलत बसला. सुधाकरनं माझ्याकडे बघून खिशावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. मला दुखतंय हे त्याला बघवत नव्हतं. मी दादूसला म्हणालो, जरा चहा आण. दादूस गेला.

आय भिंतीशी बसून मोसंबं सोलत होती. ती उठली आणि खाटेच्या आणि सुधाकरच्या मध्ये येऊन बसली.

“तू दवाखान्यात कामाला ना?”

“हो मावशी. थेटरात.”

“मंग तूच का तो भूल देनारा?”

“नाय मावशी,” सुधाकर नम्रपणे म्हणाला, “भूल डॉक्टर देतात. आमी फक्त तयारी करतो.”

आयनं सोललेलं मोसंबं त्याच्या हातात ठेवलं. “मंग तुजी तयारी घरी ने, बाबा. हिते भूलवाली बाय हाय आमची.”

ती ओरडली नाही. शेजारच्या म्हाताऱ्यांनाही काही कळलं नाही. सुधाकर ते मोसंबं हातात घेऊनच उठला. दारापर्यंत मी त्याच्या खिशाकडेच बघत होतो. त्या क्षणी मला आयचा राग आला. बऱ्याच काळानंतर मला आतून काहीतरी वाटलं होतं.

तो पुन्हा आला नाही. पुढे त्यानं खोलीही सोडली. कुठे गेला, ठाऊक नाही. त्याचं भलं झालेलं असू दे.

घरी

दांडीला आणल्यावर मागच्या दाराशी माझं अंथरूण घातलं, बालदी जवळ. बी.एस्सी. झाला आन बालदीवर बसला, असं दादूस एकदा म्हणाला आणि दुसऱ्या वेळी मात्र हसण्यावारी न नेता त्यानं विचारलं, की त्यानं शाळा सोडली ती ह्याच्यासाठी का. वाईट वाटायला हवं तेवढं मला वाटत नव्हतं. हे मी त्याला तसंच सांगितलं. त्यानं बराच वेळ जाळ्याचा फाटका भाग विणला आणि म्हणाला, “बरं. वाटंल तवा वाटून घे. मी हितंच हाय.”

आयनं माझ्यासाठी वेगळं भांडं केलं. बिनमिरचीचं कालवण आमच्या घरात त्याआधी कधी शिजलं नव्हतं. ती स्वतः ते चाखून तोंड वाकडं करी आणि मला वाढी. वहिनी काही न बोलता बालदी धुवायची. हा उपकार कसा फेडतात मला माहीत नाही. फेडता येत नाही असंच धरून चाललो आहे.

कळ येई तेव्हा मी बोंबलाच्या रिकाम्या वलांडीला, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूंना, दोन्ही हातांनी धरून उभा राही. एकदा औषधाच्या ओढीनं बोईसरला जायला निघालो होतो. एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तेवढ्यात आडोशाला जावं लागलं, एसटी निघून गेली. त्या दिवशी मला माझ्या दुखण्यानंच वाचवलं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण तुम्ही जर अशा थांब्यावर उभे असाल तर एक एसटी चुकवा एवढंच सांगतो. दुसरीही चुकवता येते.

पाणी

पौर्णिमेच्या आधी पालघरला गेलो. या वेळी दुर्बिणीआधी सर्जननी जागेपणीच मोजायचं ठरवलं. नळी घातली, वर काचेचं नरसाळं धरलं आणि ते थोडं थोडं पाणी सोडू लागले. बाई शेजारी उभ्या होत्या. दादूसला आणि आयला पडद्याबाहेर ठेवलं होतं, पण पडदा आखूड होता, त्यांचे पाय दिसत होते.

“सहन होणार नाही तेव्हा सांग,” सर्जन म्हणाले.

पाणी आत आलेलं कळलं. गार. मग ताण. ज्या ठिकाणी मागे कळ उठून डोळ्यांपुढे अंधारी आली असती, ते ठिकाण आलं. मी बोललो नाही. त्यांनी आणखी सोडलं.

“आता?”

“चालेल.”

“आता?”

“थोडं चालेल.”

त्यांनी पाणी थांबवलं तेव्हा मी खाटेची कड घट्ट धरली होती. ते बाईंकडे वळून म्हणाले, “काढायची नाही.” मग मला म्हणाले की ही पिशवी पूर्वीसारखी कधी होणार नाही, आयुष्यभर इतरांपेक्षा जास्त वेळा जावं लागेल. आणि पुन्हा घेतलंस तर हीदेखील राहणार नाही.

पडद्याबाहेर दादूस रडायला लागला. रडताना तो शिंकरतो, त्यामुळे कळलं. आय त्याला म्हणत होती, गप, मानसं बगतात. मला रडू आलं नाही. आनंद व्हायला हवा होता, तो कुठे आहे हे मी आत शोधलं, आणि सापडला नाही. असं होतं. बरं झाल्यावर लगेच सगळं परत येत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी कमी घाबरलो असतो.

नळी काढली. बाई म्हणाल्या, चालत जा, कुणी धरायला नको. मी वॉर्डच्या टोकाच्या संडासात गेलो, कडी लावली. आत भरलेलं सगळं पाणी माझ्या मर्जीनं बाहेर आलं, न थांबता. शेवटी आग झाली. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो आणि ती आग पूर्ण होऊ दिली.